साडेदहा महिन्यांची लेक, ऑफिस आणि गावची आजी

पत्राचा सारांश : पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या, एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम पाहणाऱ्या ३१ वर्षांच्या आईचं हे पत्र आहे. मुलगी साडेदहा महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ती सहा महिन्यांची होती. तेव्हापासून दिवसभर तिला सासूबाई सांभाळतात. सुरुवातीला मुलगी आनंदानं आजीकडे जायची. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून मात्र आईनं पर्स उचलली की आकांत मांडते. संध्याकाळी आई घरी आली की आधी तोंड फिरवून आजीच्या खांद्यात डोकं खुपसते, आणि एकदा कडेवर आली की रात्रीपर्यंत उतरायला तयार नसते. आई बाथरूमला गेली तरी दाराशी बसून रडते. रात्री तीन-तीनदा उठते. शेजारच्या काकू सांगतात, डोळा चुकवून निघून जात जा. नणंद म्हणते, आता आजीच तिची आई झाली. सासूबाईंना कंबरदुखीचा त्रास आहे, त्यामुळे मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत तिला देवरुखजवळच्या गावी, पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या आईकडे ठेवावं असं घरात घाटतं आहे. ‘एवढ्याशा पोराला काय कळतंय, चार दिवसांत रुळेल,’ असं सगळ्यांचं म्हणणं. ताई विचारतात : मुलगी माझ्यापासून तुटली का? तिला गावी पाठवू का? की नोकरीच सोडून देऊ?

ताई, तुमचे प्रश्न तीन असले तरी खरी धास्ती पहिल्याचीच आहे, बाकीचे दोन तिच्यातूनच निघालेत. म्हणून आधी त्याचं उत्तर. तुमची मुलगी तुमच्यापासून तुटलेली नाही. सकाळी ती तुमच्यासाठी रडते, संध्याकाळी तुम्हाला चिकटून बसते, रात्री जाग आली की तुम्ही शेजारी आहात ना हे चाचपते. हे माणूस माझं आहे, हे सांगायला या वयाच्या बाळाकडे एवढेच मार्ग असतात आणि ती ते सगळे वापरते आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त बोचतंय ते हे, की सहाव्या महिन्यात ती निमूट आजीकडे जायची आणि आता जात नाही. मी कामावर जाऊ लागले आणि मूल बिघडलं, असा हिशेब तुम्ही मांडलाय. पण मधल्या काळात फक्त तुमची नोकरी सुरू झालेली नाही. तिच्या डोक्यातही फार मोठी घडामोड झाली आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन मुलांचं बाळपण बारकाईनं टिपून ठेवलं होतं. त्यांना दिसलं, की खेळण्यावर फडकं टाकलं तर लहान बाळ ते खेळणं शोधायला जात नाही. साधारण आठव्या महिन्यापासून मात्र ते फडकं ओढून खेळणं बाहेर काढू लागतं. वस्तू दिसत नसली तरी ती कुठेतरी असतेच, ही ती जाण. तिची सुरुवात पियाजेंना वाटलं होतं त्याच्याही आधी होते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. पण त्या जाणिवेवर विसंबून शोधाशोध करणं या वयातच दिसू लागतं.

आता हेच आईच्या बाबतीत बघा. सहाव्या महिन्यात तुम्ही दाराबाहेर पडलात की समोर आजीचा चेहरा असायचा, हातात खुळखुळा असायचा, आणि ती त्यात रमायची. आता तिला कळतं, की आई दाराच्या पलीकडे कुठेतरी आहे आणि माझ्याजवळ नाही. पण ‘आई साडेसहाला येणार’ या वाक्याला तिच्या लेखी काहीच अर्थ नाही, कारण संध्याकाळ म्हणजे काय हेच तिला अजून कळायचं आहे. आई गेली हे समजतं, ती परत येईल हे समजत नाही, अशा मधल्याच वयात ती अडकली आहे. त्यात रडण्याशिवाय ती दुसरं काय करेल?

आणि हे काही नोकरी करणाऱ्या आयांच्याच मुलांचं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कलहारी वाळवंटातले सान लोक, ग्वाटेमालातली कुटुंबं, इस्रायलमधली किबुत्झ नावाची सामूहिक गावं अशा अगदी वेगवेगळ्या ठिकाणच्या बाळांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आई दूर गेल्यावरचं रडणं सगळीकडे साधारण त्याच वयात सुरू होत होतं, पहिल्या वाढदिवसाच्या पुढेमागे टिपेला पोचत होतं आणि मग ओसरत होतं. सान बाळं तर दिवसाचा बराचसा वेळ आईच्या अंगावरच असतात. तुम्ही पूर्णवेळ घरी असतात तरी आत्ता ती बाथरूमच्या दाराशी रडलीच असती. पुढचे काही महिने हे रडणं वाढूही शकतं, तेही सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा घाबरायला नको. बहुतेक मुलांमध्ये दीड वर्षानंतर ते उतरणीला लागतं. कुणाचं लवकर, कुणाचं जरा उशिरा.

संध्याकाळी तोंड फिरवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘ती माझ्यावर रागावली आहे, तिला मी नकोच आहे.’ हा अर्थ मोठ्या माणसांच्या जगातला आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४ च्या सुमारास युगांडात, कंपालाजवळच्या गावांतल्या २६ कुटुंबांच्या घरी जाऊन बसायच्या आणि आई-बाळ एकमेकांशी कसे वागतात ते बघायच्या. रांगणारं बाळ आईपासून लांब जातं, दिसेल त्याला हात लावतं, मध्येच मागे वळून आई जागेवर आहे ना बघतं आणि मग आणखी थोडं पुढे जातं, हे त्यांनी तिथे टिपलं. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी वर्षाच्या आसपासच्या बाळांना आईपासून काही मिनिटं वेगळं करून पाहिलं. त्यांच्या दृष्टीनं बाळ किती रडलं याला फारसं महत्त्व नव्हतं. आई परत आल्यावर ते तिच्याजवळ जातं का, तिच्याजवळ शांत होतं का आणि पुन्हा खेळायला लागतं का, याकडे त्यांचं लक्ष असायचं. तुमची मुलगी दिवसभराच्या विरहानंतर दोन-चार मिनिटं आजीच्या खांद्याआड राहते आणि मग तुमच्याकडे येऊन तुमच्याच कडेवर शांत होते. तुम्ही पत्रात पहिलं वाक्य अधोरेखित केलंय आणि दुसरं जाता जाता लिहिलंय. मला दुसरंच महत्त्वाचं वाटतं.

(एक विनंती मात्र आहे. हे वाचून कुणीही आपल्या बाळाची घरच्या घरी अशी परीक्षा घेऊ नये. त्या निरीक्षणासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितलेल्या लक्षणांवरून मुलाच्या नात्यावर शिक्का मारणं अन्यायाचं आहे, मुलावरही आणि आईवरही.)

नणंदेचं वाक्य तुमच्या मनाला लागलंय. त्या वाक्यामागे एक समजूत आहे, की बाळाची माया ठरावीक मापाची असते आणि आजीला जेवढी मिळाली तेवढी आईची कमी झाली. १९६४ साली रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांचा एकापेक्षा जास्त माणसांवर घट्ट जीव जडला होता. बाप, आजी-आजोबा, भावंडं, शेजारीसुद्धा. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यात जास्त तास जवळ असणारं किंवा भरवणारं माणूसच बाळाचं सगळ्यात लाडकं असेल असं नव्हतं. बाळानं साद घातली की जे माणूस लगेच आणि मनापासून ओ देतं, त्याच्याशी गाठ पक्की बसत होती. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेंहून अधिक मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. त्यातही पंधराव्या महिन्यात हेच दिसलं, की दिवसा दुसऱ्या कुणी सांभाळलं एवढ्यावरून आई-मुलाचं नातं कमकुवत होत नाही. जिथे आईलाही बाळाच्या खाणाखुणा ओळखणं जमत नव्हतं आणि सांभाळणारी माणसंही बदलत होती किंवा धड सांभाळत नव्हती, तिथे धोका वाढत होता.

तुमच्या घरी तसं काही नाही. सासूबाई गेले साडेचार महिने कंबर सांभाळत एकहाती हे करताहेत आणि त्यांच्यावर बाळाचा विश्वास बसलाय. सकाळी तुम्ही गेल्यावर तिच्याजवळ तिचं स्वतःचं एक माणूस उरतं. हे त्यांना एकदा तोंडानं सांगा. त्यांनाही बहुतेक वाटत असणार, की आपण एवढं करूनही ही सून रोज रडवेली होऊन निघते.

आता रोजच्या सकाळीचं. काकूंचा सल्ला चांगल्या मनानं दिलेला असला तरी तो मानू नका. डोळा चुकवून गेलात तर त्या दिवशीचं रडणं तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. बाळाला मात्र कळतं, की आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते. मग ते दिवसभर पहारा देतं. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी मागे येतं, झोपेतही सावध राहतं. तुमच्याकडे बाथरूमच्या दाराशी जे चालतं त्यात थोडा वाटा या पहाऱ्याचाही असू शकेल, कारण काही दिवस तुम्ही तसं करून पाहिलंत असं लिहिलंय.

त्याऐवजी निरोप घ्या, पण आटोपशीर. चप्पल घालायच्या आधी तिला आजीच्या कडेवर द्या. रोज तेच शब्द, तीच पापी, तोच टाटा : ‘आई ऑफिसला चालली, संध्याकाळी येणार.’ शब्द तिला कळणार नाहीत, पण त्यांचा क्रम कळेल. या क्रमानंतर आई जाते आणि नंतर येतेच, हे शंभरदा अनुभवल्यावरच ते पक्कं होईल. रडली तरी परत फिरून दोन-दोनदा उचलू नका. त्यानं तिचं रडणं थांबत नाही, ताटातूट मात्र लांबते. सासूबाईंनी तिला लगेच गॅलरीत नेऊन चिमण्या, रिक्षा, खालचा दूधवाला दाखवावा. आणि तुम्ही निघाल्यावर ती किती वेळ रडते ते त्यांना विचारा. बहुतेक घरांत हे रडणं पाच-दहा मिनिटांत थांबतं. आईच्या डोक्यात मात्र ते दिवसभर चालू राहतं. एक फोन करून खात्री करून घेतलीत तर तुमचं कामातही लक्ष लागेल.

सुट्टीच्या दिवशी लपाछपी खेळा. पदर नाहीतर ओढणी तोंडावर घ्या, ‘आई कुठे गेली? ही बघ आली!’ नंतर दाराआड जा, तिथून आवाज द्या, बाहेर या. ती खदखदून हसेल. जाणं आणि परत येणं याचा हा तिचा सराव असतो आणि तो घाबरून न जाता होतो. आपल्या घरोघरी आज्या हा खेळ नेमका याच वयात का खेळतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. तुमच्या जुन्या मऊ साडीचं एक फडकं दिवसा तिच्याजवळ असू द्या, तुमच्या वासाचं. मात्र ते जागेपणी आणि आजीच्या नजरेसमोरच. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी मोकळं कापड नको.

संध्याकाळी घरात शिरलात की हात-पाय धुवा आणि सरळ जमिनीवर बसा. तिला ओढून घेऊ नका, ‘ये ना, आईकडे ये ना’ असा लकडा लावू नका. ती आजीच्या खांद्याआडून बघत असेल. बघू दे. हसा, काहीतरी गुणगुणा, तिचीच एखादी वाटी वाजवा. ती येईल. पहिला अर्धा तास फक्त तिचा ठेवा, भाजी-पोळी थांबू शकते. या वेळात मोबाइलही लांब ठेवा. १९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं, की बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळं आधी हसून, हातवारे करून, आवाज काढून आईला परत बोलवायची. मग हिरमुसून मान फिरवायची. मोबाइलमध्ये डोळे घातलेला आपला चेहरा बाळाला समोरून कसा दिसत असेल, याचा यावरून अंदाज येतो. पण याच ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त दिलासा देणारं वाटतं. सुखी आई-बाळांच्या जोड्यांचाही सूर एकूण वेळेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापुरताच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. तेव्हा एखाद्या संध्याकाळी तुम्ही थकून चिडलात तर त्यानं तिचं आयुष्य बिघडत नाही. थोड्या वेळानं जवळ घेतलंत की झालं.

रात्रीचं उठणंही याच टप्प्यातलं आहे. हळू आवाजात बोला, थोपटा, दिवे लावू नका. दूध तोडणं, वेगळ्या खोलीत झोपवणं असले मोठे बदल या दोन-तीन महिन्यांत काढू नका. सासूबाई मीठ-मोहऱ्या उतरवून टाकतात, त्यावरून तुमचा वाद होतो असं लिहिलंय. उतरवू द्या की. त्यांच्या काळजीची ती रीत आहे, त्यानं बाळाचं काही बिघडत नाही.

आता गावी पाठवण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : आत्ता, या वयात, वर्ष-सव्वा वर्षासाठी पाठवू नका.

‘एवढ्याशा पोराला काय कळतंय’ ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिला आधारही वाटतो, कारण आपल्यापैकी कुणालाच आपलं पहिलं वर्ष आठवत नाही. पण मोठेपणी न आठवणं वेगळं आणि त्या वयात लक्षात न राहणं वेगळं. आपण पाळण्यावर चिमणाळं बांधतो ना, त्याच्यावर अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बाळाच्या पायाला रिबन बांधायची, दुसरं टोक चिमणाळ्याला. पाय झाडला की चिमणाळं हलतं. तीन महिन्यांच्या बाळांना ही युक्ती सुमारे आठवडाभर लक्षात राहायची, सहा महिन्यांच्यांना सुमारे दोन आठवडे. साडेदहा महिन्यांच्या तुमच्या मुलीला तुमचा आवाज, आजीची कूस, घराचा वास, दुपारी झोपताना ऐकू येणारा पंख्याचा आवाज, सगळं पाठ आहे. ते सगळं एका दिवसात नाहीसं झालं तर तिला कळेल. फक्त सांगता येणार नाही.

‘चार दिवसांत रुळेल’ याबद्दल तर फार जपून बोलायला हवं. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या संशोधकानं लंडनच्या एका रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या, अडीच वर्षांच्या आतल्या एका मुलीचं चित्रीकरण डॉक्टरांना दाखवलं. तेव्हा तिथे आईवडिलांना मुलांजवळ राहू देत नसत. अशी अनेक मुलं पाहून रॉबर्टसन यांनी सांगितलं, की मूल आधी आक्रोश करतं, मग खिन्न होऊन गप्प बसतं आणि ताटातूट लांबली तर शेवटी आईबद्दल कोरडं होतं. दवाखान्यातली माणसं त्या गप्प बसण्यालाच ‘मूल रुळलं’ म्हणायची. ते चित्रीकरण पाहून कित्येक डॉक्टर अस्वस्थ झाले, आणि १९५९ साली तिथल्या सरकारी समितीनं पालकांना मुलांना केव्हाही भेटू द्यावं अशी शिफारस केली. आज आपल्याकडे लहान मूल दवाखान्यात असलं की आई त्याच्या खाटेशेजारी असते, ते आपल्याला किती साहजिक वाटतं!

पुढे याच रॉबर्टसन यांनी पत्नी जॉयस यांच्यासोबत, आई दुसऱ्या बाळंतपणासाठी गेलेली असताना मुलांचं काय होतं, ते पाहिलं. सतरा महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस निवासी संस्थेत राहिला, जिथे ड्युटीप्रमाणे नर्स बदलायच्या. तो पार कोसळून गेला. त्याच वयाची एक मुलगी दहा दिवस रॉबर्टसन यांच्याच घरी राहिली. तिची आधी ओळख करून घेतली होती, सांभाळणारं माणूस एकच होतं, तिच्या वस्तू सोबत होत्या. ती अस्वस्थ झाली, पण सावरली. मला यातून दिसतं ते असं, की आई दूर गेली तर मूल कसं राहील, हे त्याच्याजवळ उरलेल्या माणसावर फार अवलंबून असतं. तुमच्या मुलीची ओळख सांगायची तर ती आहे दोनच माणसांत, तुमच्यात आणि पिंपरीच्या आजीत. देवरुखला ही दोन्ही माणसं एकदम सुटतील. गावची आजी कितीही मायाळू असली तरी मुलीनं तिला आजवर बारशाला आणि गणपतीत पाहिलंय, असं तुम्हीच लिहिलंय.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ही ताटातूट एकदा होणार नाही, दोनदा होईल. सव्वा वर्षात तिचा गावच्या आजीवर जीव बसेल, तसा तो बसायलाच हवा. दोन वर्षांची झाल्यावर तुम्ही तिला आणायला जाल तेव्हा तिच्या लेखी तीच आई असेल आणि तुम्ही महिन्यातून एकदा येणारी, खाऊ आणणारी बाई. तिला तिथून उपटून आणणं तिला आणि तुमच्या आईला किती जड जाईल याचा विचार करा.

मला ठाऊक आहे, कोकणात आणि घाटावरही कितीतरी मुलं आजोळी वाढली, चांगली वाढली. वाचणाऱ्यांमध्येही तशी माणसं असतील. ज्यांना नाइलाजानं मूल गावी ठेवावं लागलं त्यांनी हे वाचून स्वतःला दोष देऊ नये. कायमचं आणि मायेचं एक माणूस मिळालं तर मूल पुन्हा उभं राहतं. पण तुमच्यापुढे दुसरे रस्ते आहेत, ते आधी चाचपून बघा.

पहिला रस्ता उलटा आहे. मुलीला गावी न्यायचं त्याऐवजी तुमच्या आईला काही आठवडे पिंपरीला बोलवा. मुलीची ओळख तिच्याच घरात, तुमच्या नि सासूबाईंच्या समोर होईल, आणि सासूबाईंच्या कंबरेला विसावा मिळेल. दुसरा रस्ता म्हणजे सकाळी नऊ ते दुपारपर्यंत एखादी मावशी ठेवणं. उचलणं, अंघोळ, खालच्या मजल्यावर नेणं ही कंबर मोडणारी कामं तिची, आणि भरवणं, झोपवणं, गाणं आजीचं. तिसरा रस्ता अर्ध्या दिवसाच्या पाळणाघराचा. तिथे खेळण्यांकडे नंतर बघा. एका बाईकडे किती तान्ही मुलं आहेत, बायका सारख्या बदलतात का, रडणाऱ्या मुलाला कुणी उचलतं का, पालकाला न सांगता येऊ देतात का, हे आधी विचारा. पहिला आठवडा तुम्ही किंवा आजी सोबत बसा, मग तिथला वेळ तास-दोन तासांनी वाढवत न्या. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीत तेवढी माणसं असतील तर एचआरकडे लेखी विचारा.

अगदीच दुसरा इलाज उरला नाही, तर मुलीसोबत तुम्ही रजा काढून पंधरा दिवस गावी राहा, तिचं अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी सगळं घेऊन. मुदत काही आठवड्यांची ठेवा, सव्वा वर्षाची नको. दर आठवड्याला जा, आणि जाताना तिथेही निरोप घेऊनच निघा.

नोकरी सोडू का, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण ते मानसशास्त्रात नाही. घराचे हप्ते, तुमची कामातली आवड, पुढे परत मिळणारी किंवा न मिळणारी संधी, तुम्हाला मनापासून घरी राहावंसं वाटतं का, यावर ते ठरेल. तुमची इच्छा असेल आणि जमत असेल तर वर्षभर घरी राहण्यात काहीच वावगं नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलगी रडते हे राजीनाम्याचं कारण करू नका. हे रडणं काही महिन्यांत जाणार आहे, त्याच्या भरात घेतलेला निर्णय मात्र वर्षानुवर्षं राहील. त्याआधी आठवड्यातले दोन दिवस घरून काम, किंवा संध्याकाळी तासभर लवकर सुटणं, हे मागून बघा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात बाळाला पाजण्यासाठी दोन सुट्ट्यांचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. घर लांब असल्यानं मध्येच येणं शक्य नसेल, तर त्या दोन्ही जोडून लवकर निघू देता का, हे विचारायला हरकत नाही.

आणि तुमचे यजमान? एवढ्या लांब पत्रात त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली, की त्यांना शिफ्ट असते. मला तर त्या शिफ्टमध्ये सोय दिसते. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी घरी असतात. मग मुलीची अंघोळ, भरवणं, सकाळचा निरोप हे त्यांच्याकडे का नसावं? पहिल्या शिफ्टला दुपारनंतर ते मोकळे असतात, तेव्हा आजीनं पाठ टेकावी. ग्लासगोच्या बाळांच्या यादीत बाप ठळकपणे होता, पण त्यासाठी तो रोज, एकट्यानं, बाळाच्या हाकेला ओ देणारा असावा लागतो. तुमच्या मुलीच्या जगातली भरवशाची माणसं दोनाची तीन झाली तर सासूबाईंची कंबर, तुमची धावपळ आणि गावी पाठवण्याचा बेत, तिन्हींचा ताण हलका होईल. हे बोलणं सासूबाईंवर किंवा नणंदेवर सोपवू नका, तुम्ही दोघांनी बसून करा.

शेवटी दोन गोष्टी, रडण्यापलीकडच्या. तुमची मुलगी हाक मारली की वळून बघते, ‘बाबा-दादा’ असे आवाज काढते, टाटा करते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी निर्धास्त आहे. पण ज्यांचं मूल वर्षाचं होत आलं तरी नावानं हाक मारल्यावर बघत नाही, नजरेला नजर देत नाही, काही बडबडत नाही, कुणीही आलं-गेलं तरी त्याला काहीच फरक पडत नाही, किंवा येत असलेली एखादी गोष्ट करायचं थांबलं आहे, त्यांनी ‘मोठं झालं की येईल’ म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणीसाठी केंद्रं आहेत. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी केली की पत्ता मिळतो.

दुसरी गोष्ट तुमची. ऑफिसच्या बाथरूममध्ये रोज रडते, जेवण जात नाही, बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, असं तुम्ही शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्य येऊ शकतं, ते कमकुवतपणाचं लक्षण नाही आणि त्यावर चांगले उपचार आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे चाललं असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही असतात, तेव्हा त्या भीतीनं थांबू नका. तोवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना यजमानांना सोबत न्या.